एका झाडाच्या तीस पन्न्या

सर,

चारबर्डीवरून मी तुम्हाला आणून दिलेल्या प्लास्टिकच्या तीस पन्न्यांमधली पानं तीस झाडांची नव्हती. सगळी एकाच झाडाची होती. तीस-बत्तीस वर्षं हे वाक्य मी कुणापुढे उच्चारलं नाही, आणि आता लिहितोय तेही अशा माणसाला, जो उठून माझा कान धरू शकत नाही. सोयीची वेळ पाहून खरं बोलायची माझी जुनी खोड आहे. तुमच्या हयातीत ती वेळ काही आली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी भोपाळला होतो, बातमी तिसऱ्या दिवशी कळली, आणि वाईट वाटण्याच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. वाईटही वाटलं, पण दुसऱ्या नंबरावर.

हे आता उकरायचं कारण एक मुलगी. सौसरची आहे, विद्यापीठात संशोधन करते, तेही चारोळीच्या, म्हणजे आपल्या चाराच्या झाडांवर. गेल्या महिन्यात ती शेतावर आली. शेत अजून तिथंच आहे, बर्डीच्या पायथ्याशी. संत्र्याचा बगीचा संपला की टेकडीचा चढ सुरू होतो. बर्डी मात्र आता अर्धीच आहे. दक्षिणेकडचा भाग क्रशरने खाल्ला, तिची गिट्टी आता पांढुर्ण्याच्या रस्त्यांखाली आहे, आणि रस्त्यांची अवस्था पाहता तिथंही ती टिकलेली नाही. उरलेल्या अर्ध्या बर्डीवर ही मुलगी पंधरा दिवस चढत होती. पाठीवर पिशवी, पिशवीत पुड्या, पुड्यांत पानं सुकवायचे दाणे. शेवटच्या दिवशी पाणी प्यायला ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "काका, तुम्ही कॉलेजात त्या सरांचे विद्यार्थी होते ना? लॅबच्या कपाटात त्यांची वही सापडली मला. त्यात बर्डीचा नकाशा आहे, अन् खाली तुमचं शेत काढलं आहे."

मी म्हणालो, होतो.

"मग सांगा ना, सर कसे होते? म्हणजे, डोंगर चढायचे का?"

प्रश्न साधा होता. त्याच्यामागे काय आहे ते तिने लपवलं नाही. तुमच्या त्या मोजणीत बर्डीची सगळी झाडं जवळजवळ सारखी निघाली होती. हिने गेल्या वर्षी नेलेल्या पानांच्या मोजणीत एकेक झाड वेगळं निघतंय. दोन्ही खरं असू शकत नाही. "मला वाटते सर वर चढलेच नाही," ती हसत म्हणाली. "वय झालं असन, ऊन असन. खालच्याच एखाद्या झाडाची पानं तोडून पन्न्या भरून टाकल्या असतील. करतात काका बरेच जण असं. आम्ही पेपरमध्ये एक ओळ लिहून देतो, की जुने नमुने भरवशाचे नाहीत. वहीत स्पष्टच आहे, नमुने गोळा करणारा: स्वतः."

स्वतः. तुमचं ते टपोरं, तिरपं अक्षर मला न पाहता दिसलं. मी तिला विचारलं, चहा घेशील का.

तुम्ही शिकवलेलं मला आठवत नाही असं मी लोकांना सांगतो. आठवतं सगळं. तुम्ही फळ्यावर काही न लिहिता शिकवायचा तो तास तर चांगलाच. टेबलावर एक संत्रं ठेवलं होतं, बाजूला मूठभर चारं, काळी, पिकलेली. "बगीच्यात किती झाडं आहेत तुझ्या?" तुम्ही मला विचारता. मी म्हणतो, सहाशे. "चूक. एक आहे. तुझ्या बापानं एकाच चांगल्या झाडाचे डोळे आणले, जंभेरीच्या खुंटांवर सहाशे जागी बांधले. सहाशे खोडं, झाड एकच. म्हणून फळ सारखं, भाव सारखा, अन् रोग आला का मरणंही सारखंच." वर्ग हसतो, मी हसत नाही, आमच्या घरी त्या वर्षी डिंक्या रोगाने झाडं जात होती. मग तुम्ही चारांकडे बोट दाखवता. हे बी कुणी बांधलं नाही. माशीने पराग आणला, अस्वलाने नाहीतर पाखराने बी नेलं. म्हणून जंगलातलं प्रत्येक झाड वेगळं. एक लवकर पिकतं, एक उशिरा. एकाला दुष्काळ सोसतो, एकाला कीड. ही विविधता म्हणजेच जंगलाची शिल्लक, आणि ती डोळ्यांनी दिसते त्याच्या कितीतरी पट आत लपलेली असते, म्हणून मोजावी लागते. मोजायच्या दोन गोष्टी. एका डोंगराच्या आत किती तऱ्हा आहेत, आणि एका डोंगरात अन् दुसऱ्यात किती फरक पडलाय.

दुसरी गोष्ट कुणाला कळेना. तेव्हा तुम्ही म्हणालात, "पांढुर्णा अन् सावरगाव पाहा ना बे. मधी जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत एकमेकांची डोकी फोडून राहिले. अन् बाकी वर्षभर?" मागच्या बाकावरून आवाज आला, "सोयरीक, सर!" "मग? पोरी इकडून तिकडे, तिकडून इकडे. गोटे कितीही मारा, मोजलं तर फरक निघणार नाही. नदी मधी असणं आणि वेगळं असणं, यात अंतर आहे." या एका वाक्यावर मी पुढे पंधरा वर्षं वर्तमानपत्रात सदर चालवलं. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा सौसरवाले कसे वेगळे आणि पांढुर्णेवाले कसे वेगळे यावर लोक तावातावाने बोलत होते, तेव्हाही तेच वापरलं. तुमचं नाव कधी दिलं नाही.

तुमचा हट्ट होता की चारबर्डीवर जितक्या तऱ्हेचे चार आहेत तितके रामाकोन्याकडच्या जंगलातही नाहीत. बर्डी लहान, पण जुनी झाडं तिथं टिकलेली. तुम्ही वर्षानुवर्षं जाऊन कोणतं झाड कधी फुलतं, कधी पिकतं हे वहीत लिहिलं होतं. बर्डी खाणीला द्यायची चर्चा सुरू झाली तेव्हा तुम्ही ती वही घेऊन जंगलखात्याच्या साहेबाकडे गेलात. साहेबाने वही उलटसुलट केली आणि म्हणाला, मास्तरजी, डोळ्यांनी पाहिलेलं फाइलमध्ये लागत नाही, मोजून आणा. त्याने टाळायला म्हटलं असावं. तुम्ही ते खरं धरलं. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत तुमचा वर्गमित्र होता. तो म्हणाला, दोन्ही ठिकाणची तीस-तीस झाडं दे, कोवळी पानं, बर्फात घालून एका दिवसात पोचव. झाडं एकमेकांपासून निदान शंभर पावलं लांब हवीत, म्हणजे एकाच आईची लेकरं मोजली जाणार नाहीत. रामाकोन्याला तुम्ही स्वतः जायचं ठरवलं. चारबर्डी मला दिलीत. "तुझ्या घरामागं आहे, तुला पायाखालची," म्हणालात. तीस पन्न्या दिल्यात, प्रत्येकीवर आकडा घातलेली चिठ्ठी, भिजवलेलं फडकं आणि पाण्याने भरलेली तुमची कॅनव्हासची छागल.

तो वैशाख होता. मी वीस वर्षांचा होतो आणि सकाळी साडेनऊलाच दमलो होतो. बर्डीच्या तोंडाशी, आमच्या बांधाला लागून, एक मोठं चाराचं झाड होतं, फांद्या हाताला येतील अशा. मी पहिली पन्नी त्याच्याखाली भरली. वर पाहिलं. वर नुसता दगड आणि ऊन. एक-दोन नव्हे, आणखी एकोणतीस झाडं, शंभर-शंभर पावलं. मग दुसरी पन्नी तिथंच भरली. खरं सांगतो, त्या वेळी मला ती फसवणूक वाटली नाही. मी संत्रेवाल्याचा मुलगा. आमच्या बगीच्यात पान कोणत्याही झाडाचं तोडा, पान तेच. तुमचा तास मी ऐकला होता, परीक्षेत लिहिलाही असता, पण हाताला तो माहीत नव्हता. हाताला सहाशे सारखी झाडं माहीत होती. डोंगर आहे, चारांचा आहे, त्यातलं हे एक, असेच बाकीचे. अर्ध्या तासात तीस पन्न्या भरल्या आणि मी सावलीला झोपलो.

उठल्यावर मात्र मी जे केलं त्याला संत्र्याची सबब नाही. संध्याकाळ व्हायच्या आधी मी बांधावरच्या वाळल्या गवतात दोन फेऱ्या मारल्या, पँटला कुसळं चिकटावीत म्हणून. डोंगर चढून आल्यासारखं दिसावं म्हणून. ते करताना मला स्वच्छ कळत होतं की मी काय करून राहिलो.

तुमच्या घरी आलो तेव्हा काकूंनी फ्रिज रिकामा करून ठेवला होता. दही, मुरब्बा, पाण्याच्या बाटल्या, सगळं ओट्यावर. "तुमच्या सरांच्या झाडपाल्यासाठी आज दही आंबणार आहे," त्या म्हणाल्या, आणि मला कैरीचं पन्हं दिलं. तुम्ही रामाकोन्याहून सायकलने आला होतात, चेहरा काळवंडलेला, ओठ फुटलेले. तुम्ही माझ्या पन्न्या एकेक करून मोजल्या, तुमच्या पन्न्यांशेजारी लावल्या, आणि मग तुमचं लक्ष माझ्या पँटकडे गेलं. "थांब बे, हलू नको," म्हणालात. आणि तुम्ही, सर, खाली बसून माझ्या पँटची कुसळं एकेक करून काढलीत. मी पन्ह्याचा पेला हातात धरून उभा होतो. "पोरगं किती फिरलं पाहा," तुम्ही काकूंना म्हणालात.

आजवर मी बरीच माणसं शब्दांनी सोलली. कागदावरच विहीर खणणारे, कागदावरच झाडं लावणारे. लोक म्हणतात, तुला ही लबाडी इतकी बरोबर कशी दिसते. मी काहीतरी हजरजबाबी उत्तर देतो.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून, कुल्फीवाल्याची पेटी मागून, तुम्ही सकाळच्या गाडीने नागपूरला गेलात. महिन्याभराने निकाल आला. तुम्ही मला घरी बोलावून फोटो दाखवला. जेलीवर प्रत्येक झाडाच्या निळसर पट्ट्या. रामाकोन्याच्या पट्ट्या खाली-वर, कुठे एक, कुठे दोन, जशी बाजारातली माणसं उभी असतात. चारबर्डीच्या पट्ट्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या, सरळ एका ओळीत. तेव्हाची पद्धत जाडीभरडी होती, पाच-सहा खुणा तपासायची. त्यामुळे एवढं सारखेपण निघणं अगदीच अशक्य नव्हतं. ही मुलगीच मला हे समजावून गेली. तरी तुमच्या वर्गमित्राला शंका आली होती. त्याने पत्रात विचारलं होतं, नमुने नीट घेतले ना? तुम्ही ते पत्र घडी घालून बाजूला ठेवलंत आणि मला म्हणालात, "सगळी वेगवेगळी झाडं होती ना?"

"हो सर. पावलं मोजून."

तुम्ही पुन्हा विचारलं नाही. हे मला सगळ्यात जड जातं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी बहुतेक सांगितलं असतं. निदान असं मला वाटत आलंय, आणि यात तुमच्यावर थोडा दोष ढकलल्याचं समाधानही आहे, तेवढं सोडायला मी तयार नाही.

त्या संध्याकाळी मी छागल परत द्यायला आलो होतो आणि मागच्या दाराशी थांबलो. तुम्ही आणि काकू स्वयंपाकघरात होतात. काकू म्हणत होत्या, "दाबून ठेवा ना तो रिपोर्ट. साहेबाला काय माहीत मोजलं का नाही मोजलं?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत होतात. "माहीत मला आहे ना," तुम्ही म्हणालात. "अहो पण बर्डी जाईल!" "जाईल. मी वीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं, ते चूक निघालं. मोजलं ते मोजलं. आवडलं तर मोजमाप अन् नाही आवडलं तर चुलीत, असं करायचं असन तर मग पोरांना काय शिकवू?" मी छागल दारातल्या खुंटीला अडकवली आणि निघून आलो. आत यायला दोन पावलं होती. तुमचा निकाल तुमच्या विरुद्ध गेला, तो तुम्ही स्वतः नेऊन दिलात. साहेब म्हणाला म्हणे, मास्तरजी, तुमचीच मोजणी सांगते, या डोंगरात राखण्यासारखं काही नाही. वर्षभरात पहिला सुरुंग उडाला. आमच्या घराच्या कौलांवर धूळ बसली. तुम्ही त्यानंतर बर्डीकडे आला नाहीत.

आणि माझा निकाल लागला तेव्हा तुम्ही मला तुमचं हातभिंग दिलंत, पितळी कडीचं. "तू त्या उन्हात चढलास," म्हणालात. ते मी कधी वापरलं नाही. फेकलंही नाही. दाढीच्या सामानात पडलेलं असतं, म्हणजे रोज हात लागतो.

तर ती मुलगी. तिने चहा घेतला आणि मला जे सांगितलं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण ते तुमचं आहे. तुम्ही बरोबर होतात. उरलेल्या अर्ध्या बर्डीवरही रामाकोन्यापेक्षा जास्त तऱ्हा आहेत. तुम्ही वहीत ज्या झाडांपुढे 'उशिरा पिकणारं' लिहिलं होतं त्यातली काही अजून उभी आहेत, आणि त्यांच्या आत अशा खुणा सापडल्या ज्या तिला दुसरीकडे कुठे मिळाल्या नाहीत. बाकी दोन जंगलांत फारसं अंतर पडलेलं नाही, पाखरं आणि माश्या ये-जा करतात, सोयरीक चालू आहे. डोळ्यांनी वीस वर्षं पाहिलेलं बरोबर होतं, चूक ती मोजणी होती. आणि त्या चुकीपुढे तिच्या पेपरात ओळ येणार होती: संकलकाने एकाच झाडाची पानं घेतली असावीत. संकलक म्हणजे तुम्ही. पेटीवरच्या फॉर्मवर एकाच नावाची जागा होती, तेच तुम्ही वहीत उतरवलंत, आणि पोराच्या कामाची जबाबदारी तुम्ही तुमच्याकडे घेतली होती, एवढंच.

मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पेपर इंग्रजीत, वाचणारे वीस-पंचवीस, त्यात पांढुर्ण्याचं कुणी नाही. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, हे मी स्वतःला आठ दिवस सांगितलं, आणि माझं बोलणं इतरांना पटतं तितकं मला कधी पटत नाही. नवव्या दिवशी कागद घेतला. पहिल्या मसुद्यात उन्हाचं इतकं वर्णन होतं की वाचणाऱ्याला मलाच पाणी द्यावंसं वाटलं असतं. दुसऱ्यात विनोद होते. तिसऱ्यात सहा ओळी उरल्या. नमुने सरांनी घेतले नाहीत, मी घेतले. बांधाजवळच्या एकाच झाडाचे घेतले. सरांनी विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. सरांना ठाऊक नव्हतं.

काल तिला बोलावून तो कागद दिला. तिने ओट्यावर बसून वाचला. परत वाचला. मी बगीच्याकडे पाहत होतो. ती रागावेल, किंवा हसेल, किंवा कौतुक करेल, तिन्हींची मी उत्तरं तयार ठेवली होती. ती यातलं काहीच न करता म्हणाली, "ते झाड अजून आहे का, काका?" मी म्हणालो, सुरुंगांच्या पहिल्याच वर्षी गेलं, रस्ता तिथूनच काढला. तिने मान हलवली. म्हणाली, सरांबद्दलची ती ओळ मी काढून टाकते, त्यांच्या वहीतली निरीक्षणं बरोबर होती असं लिहिते, आणि उपकार मानताना त्यांचं पूर्ण नाव देते. मला बरं वाटलं, सर. इतकं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं, आणि दमल्यासारखंही झालं, आठवडाभर चालून आल्यासारखं.

मग पेनचं टोपण काढून तिने विचारलं, "अन् तुमचं, काका? नाव टाकू, का नुसतं 'एका विद्यार्थ्याने' लिहू? दोन्ही चालते. तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हणालो, "एका विद्यार्थ्याने. तेवढं पुरे."

तिने तसं लिहिलं. शुक्रवारी ती पेपर पाठवणार आहे. आज मंगळवार, उत्तर बदलायचं तर तिचा नंबर माझ्याकडे आहे, आणि हे पत्र पोचवायला कुठला पत्ता नाही, ते बरंच आहे. एवढंच तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, की त्या उत्तराला मला विचार करावा लागला नाही. तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच माझं ठरलं होतं.